सतराव्या स्लाइडमधलं दार

नाव: बी. आर. त्रिविक्रम राव. वय: सत्तावन्न वर्षे, तीन महिने. पदनाम: वरिष्ठ साहाय्यक, रेणुचित्रण, श्रेणी दोन. कामाचे ठिकाण: हेब्बाळ, तिसरा मजला, उत्तर बाजू. कर्तव्ये: संगणकाच्या पडद्यावर रेणू दिसत नसल्यास दिसता करणे, वेडावाकडा दिसत असल्यास सरळ करणे, सरळ दिसू लागल्यावर त्याविषयी मतप्रदर्शन न करणे. विशेष जबाबदारी: औषधाच्या अर्जासोबत जाणारे प्रत्येक रेणुचित्र थ्री-डी पडद्यावर स्वतः, दोन्ही डोळ्यांनी पाहून त्याच्या बिनचूकपणाचे प्रमाणपत्र देणे. आजवर दिलेली प्रमाणपत्रे: दोनशे चौदा. पैकी परत आलेली: एकही नाही. दृष्टी: वैद्यकीय तपासणीनुसार समाधानकारक. वर्तणूक: समाधानकारक. शिल्लक सेवा: नऊ महिने.

हे वर्णन कंपनीच्या कर्मचारी विभागात एका निळ्या फायलीत आहे आणि त्यातला शब्द न् शब्द त्या विभागाच्या समजुतीप्रमाणे खरा आहे.

फायलीबाहेरचा त्रिविक्रम म्हणजे जे. पी. नगरात थोरल्या बहिणीसोबत राहणारा, लग्न न केलेला, सडपातळ माणूस. समोरच्याशी बोलताना तो मान किंचित डावीकडे वळवून बघतो. त्यामुळे तो शंका घेतोय असं नव्या लोकांना वाटतं. नावातला बी म्हणजे बेंगळुरू आणि आर म्हणजे वडील रामराव, हे पुण्याहून आलेल्या प्रत्येक साहेबाला एकदा समजावून सांगावं लागतं. साहेब मान डोलावतो आणि आठवड्याने पुन्हा आडनाव विचारतो. घराणं या गावात साडेतीनशे वर्षं आहे, पण कंपनीच्या कँटीनमध्ये त्याला 'तुमचं मराठी बरं आहे हो' असं शाबासकीच्या सुरात ऐकवणारे लोक गेल्या दहा वर्षांत आलेले आहेत. तो थँक्यू म्हणतो.

तरुणपणी तो पीण्या या बेंगळुरूच्या कारखान्यांच्या भागात देवाप्पाच्या दुकानात होता. कारखान्यांतल्या यंत्रांचे पडदे बिघडले की देवाप्पाकडे येत. काचेच्या नळीचे, जड, पाठीमागून तापणारे पडदे. देवाप्पा शिकवत नसे. चुकलं की हातातला पेचकस काढून घेत असे. एकच गोष्ट मात्र तो पुन्हा पुन्हा सांगे. कारखान्यात गेल्यावर पडद्याला हात लावायच्या आधी यंत्र जे कापतंय ते बघायचं. कारखान्यात त्याला जॉब म्हणतात. जॉब बरोबर कापला जात असेल तर पडदा खोटं बोलतोय, तो दुरुस्त करायचा. पण जॉब चुकलेला असेल आणि पडदा छान दिसत असेल, तर कशालाही हात लावायचा नाही, सरळ जाऊन मेन स्विच बंद करायचा. "पडदा सोड, आधी जॉब बघ," एवढं तो कन्नडमध्ये सांगे आणि बिडी पेटवायला बाहेर जाई.

मग सपाट पडदे आले. ते कोणी दुरुस्त करत नाही, फेकून देतात. देवाप्पाने शटर ओढलं आणि त्रिविक्रम हेब्बाळच्या या औषध कंपनीत लागला. त्याला सतरा वर्षं झाली.

इथली शिकलेली माणसं दिवसभर पडद्यावर प्रोटीनचे रेणू फिरवत बसतात. रंगीत फितींचे गुंतवळे असावेत तसे ते दिसतात. त्यात कुठेतरी एखादा खळगा असतो, आणि त्या खळग्यात नेमका बसेल असा औषधाचा छोटा रेणू घडवणं हे त्यांचं काम. रेणू नीट दिसतो आहे ना, एवढंच त्रिविक्रमचं काम. रसायनशास्त्राशी त्याचा संबंध नाही, हे पदनामाच्या खाली लिहिलेलंच आहे.

तक्रारी ठरलेल्या असतात. प्रोटीन अर्धं कापलेलं दिसतंय: चित्राची पुढची पातळी चुकून आत ढकललेली असते, माउसचं चाक उलटं फिरवलं की उरलेलं अर्धं परत येतं. एका डॉक्टरेटवाल्या गृहस्थांनी अशा अर्ध्या प्रोटीनवर तीन दिवस विचार करून निष्कर्षही काढला होता. रेणू नाहीसा झाला: बघणाऱ्यानेच तो लोटत लोटत पडद्याबाहेर नेलेला असतो, आणि तोवर डेटा उडाल्याची मेल चौदा जणांना गेलेली असते. थ्री-डी चष्मा घातला की डोकं दुखतं: डाव्या डोळ्याचं चित्र उजव्या डोळ्याला जात असतं. हे तपासायची त्रिविक्रमची रीत वेगळी होती. तो चष्मा नाकावर चढवत नसे. चष्म्याची एक काच उजव्या डोळ्यापुढे धरून बघे, मग दुसरी काच त्याच डोळ्यापुढे धरून बघे, आणि वायर बदलून देई. चष्मा नाकाला रुततो असं त्याचं म्हणणं. त्याचं निदान कधी चुकलं नाही, म्हणून रीत कोणी विचारली नाही.

प्रत्येक तक्रारीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात 'कारण' या रकान्यात तीनच पर्याय आहेत: ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारं सॉफ्टवेअर; केबल; वापरकर्ता. यांतल्या एकावर खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. जगात चौथं कारण असू शकतं ही शक्यता कंपनीने विचारपूर्वक वगळली होती.

आता अकरा वर्षांमागची एक गोष्ट.

परदेशी पाहुणे यायचे होते. मोठ्या पडद्यावर प्रोटीन लावलेलं. तेव्हाचे विभागप्रमुख लांबून बघत होते आणि त्यांना एका ठिकाणी खटकलं. रेणूचा एक छोटा फाटा तिथे दोनदा दिसत होता, एकाच खांद्यातून दोन हात निघावेत तसा. पडद्यावर डाग आहे का, असं त्यांनी विचारलं. त्रिविक्रमने फाइल बघून सांगितलं की डाग नाही, फाइलमध्येच दोन जागा दिल्या आहेत, अ आणि ब. प्रमुख म्हणाले की पाहुणे लिफ्टमध्ये आहेत.

सॉफ्टवेअर उघडलं की ते आधी एक सामायिक फाइल वाचतं. ऑफिसातल्या चाळीसच्या चाळीस मशीनवर रंग कसे, फिती केवढ्या, हे सगळं तिथून ठरतं. त्रिविक्रमने त्या फाइलीत एक ओळ टाकली: जिथे दोन जागा असतील तिथे ब दाखवू नये. समोर शेरा लिहिला, 'पाहुण्यांसाठी. सोमवारी काढणे. त्रि.' दोन हातांचा एक हात झाला. पाहुणे खूश झाले, त्रिविक्रमला प्रशस्तिपत्र मिळालं, फॉर्मवर कारण म्हणून ड्रायव्हरवर खूण झाली.

सोमवारी ती ओळ काढायची होती. पण सामायिक फाइल उघडायला तक्रार क्रमांक लागतो, आणि चित्र स्वच्छ दिसतं अशी तक्रार कोणी करत नाही. पहिलं वर्षभर त्याला ती ओळ आठवत असे. पुढे ती काढायची राहिली आहे एवढंच आठवत असे. मग तेही बंद झालं.

गेल्या महिन्यातल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता सिद्धीची तक्रार आली. सिद्धी नागपूरची, कंपनीत चार महिने झालेली, प्रोबेशनवर. तिचं ऑफिसचं मशीन अडकलं होतं म्हणून तिने यकृतातल्या एका प्रोटीनची फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतः उतरवून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. तक्रार अशी: माझ्या लॅपटॉपवर काहीतरी जास्तीचं दिसतंय, कृपया काढून द्यावं.

त्रिविक्रम गेला. शेजारी ऑफिसचं मशीन आता चालू झालं होतं. त्याने रिवाजाप्रमाणे ड्रायव्हर बघितला, केबल बदलली, लॅपटॉप दुसऱ्या पडद्याला जोडला. जास्तीचं होतं तिथेच होतं. मग त्याने रंग, फिती, चकाकी सगळं काढून टाकलं आणि रेणू नुसत्या रेघांत आणला. ऑफिसच्या पडद्यावर खळग्याच्या तोंडाशी एक फाटा आडवा पडला होता. लॅपटॉपवर त्याच फाट्याच्या दोन प्रती होत्या. एक आडवी, एक उघड्या दारासारखी बाजूला सरलेली.

एकाच खांद्यातून निघालेले दोन हात. त्रिविक्रमला खुर्चीवर बसायच्या आधी कारण कळलं, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला ते कळायला नको होतं.

तरीही त्याने जॉब बघितला. चित्र बंद करून फाइल नुसत्या अक्षरांत उघडली. तिथे एकेका अणूची एकेक ओळ असते. त्या फाट्याच्या प्रत्येक अणूच्या मात्र दोन ओळी होत्या, एक अ, एक ब. पुढे आकडे: अ पंचावन्न टक्के, ब पंचेचाळीस.

"याचा अर्थ काय?" त्याने विचारलं. हा प्रश्न त्याच्या कर्तव्यांत बसत नव्हता.

सिद्धीने सांगितलं ते असं. आपलं नवं औषध या यकृताच्या प्रोटीनमध्ये शिरता कामा नये. शिरलं तर ते तिथेच अडकून बसतं आणि यकृत हळूहळू काम सोडतं. अर्जासोबतच्या प्रेझेंटेशनमधली सतरा नंबरची स्लाइड याच प्रोटीनची आहे. तिच्यात हा फाटा दारासारखा बंद दिसतो आणि औषध बाहेर उभं असतं. चित्र इतकं स्पष्ट होतं की यकृताची लांबलचक चाचणी पुढच्या टप्प्यावर ढकलली गेली. सोमवारी सकाळी नऊ वाजता ते औषध पहिल्यांदा माणसांना द्यायचं आहे. चोवीस निरोगी माणसांना.

"पण दार पंचावन्न टक्केच वेळ बंद आहे, काका," ती म्हणाली.

"आणि उरलेला वेळ?"

"उरलेला वेळ ते आपल्याला दिसत नव्हतं." मग तिने ऑफिसच्या पडद्याकडे बघितलं. "पण या मशीनवर काहून दिसत नाही?"

त्रिविक्रमने तिच्यादेखत सामायिक फाइल उघडली. एकतिसावी ओळ. पाहुण्यांसाठी, सोमवारी काढणे, त्रि. सिद्धीने ती वाचली, खालची तारीख वाचली. मग तिने हळूच विचारलं की या अकरा वर्षांत असं दुसरं एखादं दार असू शकेल का. त्रिविक्रम म्हणाला की त्याने फक्त दिसतं की नाही तेवढं बघितलं. कुठे काय दिसलं नाही याची नोंद ठेवायला फॉर्म नव्हता.

दुपारी तीन वाजता तो अजित यांच्या केबिनमध्ये गेला. अजित हे आताचे विभागप्रमुख, पुण्याचे, आवाज कधीच न चढवणारे. ज्याला नाही म्हणायचं त्याला ते आधी चहा देतात. त्रिविक्रमसाठी चहा मागवला गेला.

त्याने सगळं सांगितलं. ओळ स्वतः टाकली हेही. अजितनी मधे एकदाही अडवलं नाही.

"त्रिविक्रमराव, एक सांगा. हा डिस्प्ले प्रॉब्लेम आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही इथे कशाला आलात?"

अजितनी त्याला शांतपणे समजावलं. फाट्यांच्या अशा दोन-दोन जागा असतातच, त्यातल्या निम्म्या म्हणजे नुसता कचरा. त्या वेळच्या प्रमुखांनी टाकून घेतलेली ओळ म्हणजे सेटिंग, बिघाड नव्हे. पंचेचाळीस टक्के ही शेवटी मायनॉरिटी आहे, तिची काळजी दुसऱ्या टप्प्यात घेता येईल. आणि त्या मुलीने बाहेरचा लॅपटॉप ऑफिसात वापरायला नको होता. हे म्हणताना त्यांनी टेबलावरच्या एका पाकिटावर पेपरवेट ठेवला. पाकिटावर सिद्धीचं नाव आणि खाली 'प्रोबेशनबाबत' एवढं होतं.

"सोमवार थांबवायचा म्हटलं तर कागदोपत्री एकच रस्ता," अजित म्हणाले. "स्लाइडचं प्रमाणपत्र मागे घ्यायचं. शुक्रवारी चारच्या आत फॉर्म गेला तर डोस आपोआप थांबतो, मलासुद्धा विचारत नाहीत. पण कारण लागतं हो. ड्रायव्हर बिघडला होता?"

"नाही."

"केबल?"

"नाही."

"मग राहिला वापरकर्ता. म्हणजे चित्र बघून सही करणारा. म्हणजे तुम्हीच की." ते प्रसन्नपणे हसले. "आणि तुम्ही तर दोन्ही डोळ्यांनी बघितलंय. लिहून दिलंय दोनशे चौदा वेळा."

त्रिविक्रमने चहाचा कप खाली ठेवला. ठेवताना आधी बोटाने टेबलाची कड चाचपली, मग कप टेकवला. ही त्याची जुनी सवय आहे. अजित तेव्हा फोनकडे बघत होते.

तो जिन्याने खाली उतरला. तळमजल्यावर त्या चोवीस जणांची तपासणी चालू होती. मनगटावर नंबरचे पट्टे बांधलेली माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून बिस्किटं खात होती. एकाने त्याला बाथरूम कुठे म्हणून कन्नडमध्ये विचारलं. त्या माणसाच्या बोटांच्या पेरांत लोखंडाचा काळा कीस कायमचा बसला होता. पीण्याचे हात त्रिविक्रम कुठेही ओळखतो. त्याने विचारलं, पीण्या का? माणूस खुलला. पीण्या सेकंड स्टेजच्या कारखान्यात, लेथवर, चौदा वर्षं. नाव संताजी. मराठा, आजा बेळगावकडून आलेला. मराठी बोलायला मिळालं म्हणून तो तिथेच उभा राहिला, बाथरूम विसरून.

त्रिविक्रमने त्याला, यात धोका काय काय आहे ते सांगितलं का, असं विचारलं.

"सगळं सांगितलं की. चित्र दाखवलं मोठ्ठं, चष्मा लावून. लिव्हरचं दार हाय म्हणे, ते बंद हाय. मी हात लावाया गेलो तर हाताला काय लागंना," संताजी हसला. "पण बंद हाय, सर. डोळ्यानं बघितलं मी."

त्याचा पट्टा सतरा नंबरचा नव्हता. असता तर गोष्ट रचलेली वाटली असती. तो अकरा नंबरचा होता.

शुक्रवारी सकाळी त्रिविक्रमने अक्काला सगळं सांगितलं. अक्का म्हणजे वसुमती, त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, कन्नड शाळेत अडतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. आई लवकर गेल्यामुळे त्रिविक्रमला तिनेच वाढवलं. पाढे, कन्नड मुळाक्षरं, स्तोत्रं तिने पाठ करून घेतली. दर दोन वर्षांनी कंपनीची वैद्यकीय तपासणी जवळ आली की आजही ती त्याला समोर बसवते आणि इंग्रजी अक्षरांच्या सात ओळी वरपासून खालपर्यंत म्हणून घेते. एकही चूक चालत नाही. याविषयी दोघं कधी बोलत नाहीत.

तो पेल्याच्या काठावर बोट ठेवून कॉफी ओतत होता. अक्का ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने ताटली त्याच्यापुढे जरा जोरात सरकवली.

"नऊ महिने राहिलेत, विक्कू. स्वल्प तोंड मिटून बसायला काय होतं? तुझ्या साहेबाला कळत नाही आणि तुला तेवढं कळतं. दहावीला विज्ञानात छत्तीस होते तुला."

त्याने ते मान्य केलं. अक्काचं पुढेही चालू राहिलं. ग्रॅच्युइटी अडकेल, पोलीस येतील, शेजारी बघतील, रामरावांचं नाव जाईल. आणि असल्या फॉर्मला कारण द्यायचं तर कुठलं देणार, असं तिने विचारलं. त्याने नुसतं तिच्याकडे बघितलं, मान डावीकडे वळवून. अक्काने नळ सुरू केला, बंद केला.

"किती माणसं आहेत?"

"चोवीस."

"त्यांना चित्र दाखवलं?"

"दाखवलं. माझ्या सहीचं."

अक्काने पदराने हात पुसले. डबा भरला, झाकण दोनदा दाबून बघितलं आणि त्याच्या हातात दिला.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "लिहिलंस तर ओळी मी पाठ करून घेतल्या तेही लिही. तू एकट्याने केलंस असं नको."

ऑफिसात पोहोचल्यावर त्याने आधी सोपा मार्ग करून बघितला. काल साहेबांना दाखवायची म्हणून तशीच ठेवलेली एकतिसावी ओळ काढली की चाळीस पडद्यांवर दार एकाच वेळी उघडं दिसलं असतं. पण सामायिक फाइल त्याला उघडेना. प्रमाणीकरणाच्या दृष्टीने सदर अधिकार तात्पुरते गोठवण्यात येत आहेत, अशी मेल साडेनऊलाच आली होती.

सिद्धीच्या टेबलावर लॅपटॉप नव्हता. ती ऑफिसच्या मशीनसमोर ताठ बसली होती, पडद्यावर सतरावी स्लाइड होती आणि दार बंद होतं. की-बोर्डखाली ते पाकीट अर्धं सरकवून ठेवलं होतं. त्रिविक्रम शेजारी उभा राहिला.

"आता बरोबर दिसतंय, सर," ती पडद्याकडे बघत म्हणाली. कालपर्यंत ती त्याला काका म्हणत होती.

तो आपल्या जागेवर गेला. दुपारी दोन वाजता त्याने डबा खाल्ला. तीन वाजता एका साहेबांचं प्रोटीन काळं दिसत होतं, ते उजेडात आणून दिलं. त्याने कारण म्हणून वापरकर्त्यावर खूण केली आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की ही खूण आपण आजवर हजारो वेळा, काहीही न वाटता केली आहे. खिडकीतून खाली चोवीस जणांची मिनीबस उभी दिसत होती. उद्या त्यांना दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. ड्रायव्हर काच पुसत होता.

साडेतीनला त्याने प्रमाणपत्र मागे घेण्याचा फॉर्म उघडला. तो आजवर कोणी उघडला नव्हता, त्यामुळे वर 'नमुना' असा शिक्का तसाच होता. स्लाइड: सतरा. प्रमाणपत्र क्रमांक: दोनशे नऊ. कारण: ड्रायव्हर, केबल, वापरकर्ता.

त्याने वापरकर्त्यावर खूण केली.

त्याबरोबर खाली बारीक अक्षरांत एक सूचना उमटली. ती त्याने पडद्याजवळ जाऊन दोनदा वाचली. कारण वापरकर्ता असल्यास सदर वापरकर्त्याने आजवर दिलेली सर्व प्रमाणपत्रे त्याच क्षणी रद्द समजण्यात येतील आणि त्या त्या औषधाचे पुढील डोस थांबवण्यात येतील. मान्य आहे?

सर्व म्हणजे दोनशे चौदा. त्यांतल्या तीन औषधांचे डोस दुसऱ्या गावांतल्या दवाखान्यांत कधीच सुरू झाले होते. त्या तीन औषधांच्या चित्रांत कुठलं दार होतं, होतं की नव्हतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. दीड वर्षं ती माणसं गोळ्या घेत होती. आजवर तिथून कुठलीच तक्रार आली नव्हती, आणि हे कालपर्यंत त्याला चांगलं लक्षण वाटत असे.

त्याने 'मान्य आहे'वर खूण केली.

पुढे 'तपशील' असा रकाना आला. मर्यादा एक ओळ. ज्याने फॉर्म बनवला त्याला वाटलं असणार, ड्रायव्हर, केबल आणि वापरकर्ता यांच्याविषयी एका ओळीपेक्षा जास्त सांगण्यासारखं काय असतं. अक्काचं नाव त्यात मावत नव्हतं. पाहुणे, लिफ्ट, सोमवार, संताजीचे हात, काहीच मावत नव्हतं. चाराला अकरा मिनिटं होती. मेन स्विच म्हणजे इथे 'पाठवा' हे बटण होतं.

त्रिविक्रमने मान किंचित डावीकडे वळवली आणि टाइप केलं:

माझ्या डाव्या डोळ्याला वयाच्या चौथ्या वर्षापासून दिसत नाही.